पिकअपच्या मानेवर

आमच्या मालकांचं नाव मी तोंडानं घेत न्हाई. पण सांगायचं म्हणलं तर घ्यावंच लागंल. जयसिंग. घ्या, घेतलं. कुटं काय आभाळ कोसळलं?

तर हे जयसिंगराव रातच्याला हिंजवडीत कंपनीची कॅब चालवत्यात. दिवेलागणीला घर सोडायचं, ते उन्हं अंगणात आल्यावर परत यायचं. आल्यावर ताटावर बसत्यात आन् घास हातात धरूनच डुलकी लागती. मग मीच तो घास काढून ताटात ठेवते. "दमला न्हवं?" म्हणून इचारलं की उत्तर ठरल्यालं, "छ्या, बसून तर असतोय!" बसून माणसाचे पाय असे खांबागत सुजत्यात व्हय? पण बोलायचं कुणाशी? समोरचा झोपल्याला.

अंगणात पेंढ्याच्या गंजीशेजारी आमची स्वतःची पिकअप उभी हाय. आधी तिच्यावरच घर चालायचं. भाजी, दूध, भूगावच्या बांधकामांवर विटा-सिमेंट. मग ज्यानं त्यानं आपापले टेंपो घेतले आन् आमचं काम आटलं. तरी हिला विकायचं नाव काढलं न्हाई. सकाळी कितीबी झोप आल्याली असू द्या, हिच्या बॉनेटवर हात ठेवल्याबिगर माणूस घरात येत न्हाई. माझ्या डोक्यावर कधी ठेवला न्हाई तसा.

माणूस वाईट न्हाई हां. उलट लईच चांगला, आन् तीच तर अडचण हाय. कुणावर वजन टाकायचं न्हाई, हा त्यांचा धर्म. मी लगीन होऊन आले तवा घरात बैलगाडी व्हती. हे गाडी भरायचे ती बघत राहावी अशी. थोडी पोती पुढं, थोडी मागं, पुन्हा पुढं, जू बैलांच्या मानेवर नुसतं टेकल्यागत बसंपतोर. चढ आला की स्वतः खाली उतरून चालायचे. सासरे म्हणायचे, "अरं, बैलाला ओढायला ठेवलंय का सासरवाडीला आणलंय?" बैल गेले, गाडी गेली, पण ती खोड काय गेली न्हाई. ताप आला तरी सांगायचं न्हाई, पाणी मागायचं न्हाई. मी उठून द्यायला लागले तर म्हणणार, "तू कशाला? बस, बस."

मागल्या भातकाढणीनंतर आमच्याकडं स्नेहलताई आली. राहायला भूगावला. नोकरी सोडून तिनं धरणाच्या कडंला जागा घेतली, तितं शहरातली माणसं शनिवार-रविवार तंबूत राहायला येत्यात. पैसे देऊन तंबूत! असू दे, ज्याची त्याची हौस. तिनं पौडच्या भिवाजी वेल्डरकडनं एक चाकावरचं घर बनवून घेतलं. पलंग, ओटा, खिडकीला पडदे, सगळं आत. पाणी मागं सरकलं की घर खाली पाण्याजवळ न्यायचं, पावसाळ्यात पुन्हा वर आणायचं. ते ओढायला गाडी पायजे व्हती, आन् भिवाजीनं आमचं नाव सांगितलं.

"काका, घर हलवायचं काम, भाजी-किराणा आणायचं काम, सगळं तुमच्याकडे देते," ताई म्हणाली. "फक्त आधी एक ट्रायल घेऊ. आणि मावशी, मला स्वयंपाकाला बाई हवीच आहे. तुम्ही याल का?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "न्हाई न्हाई, तिला न्हाई झेपायचं. कंबर धरती तिची."

माझी कंबर! वरीस झालं मी कमरेचं नाव काढलं न्हाई. ताई गेल्यावर मी लई भांडले. म्हणलं, नुसत्या घर ओढण्यावर तुमची रातपाळी सुटणार न्हाई. दोघांनी कमावलं तर कॅब सोडता यील. तर म्हणत्यात, "आधी हे तर जमू दे. रातचं मग बघू." मला जगात दुसरं काय बी नको व्हतं. हा माणूस रातच्याला आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर झोपावा, एवढंच. ती ट्रायल नीट व्हावी म्हणून मी देवाला नारळ बोलून बसले.

हुक निवडायला दोघं भिवाजीच्या शेडमधी गेलो. ते घर बघितलं आन् आमची पिकअप बघितली, म्हणलं, नाकापेक्षा मोती जड! मी भिवाजीला म्हणलं, "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतोय तसा मागं शेपटाला हुक लाव की."

"वहिनी, ह्या घराची मान लांब हाय," भिवाजी म्हणाला. "ती वरनं येऊन पिकअपच्या मागच्या हौद्यात बसती. कंटेनर ओढणाऱ्या मोठ्या गाड्यांना असतोय तसला हुक लागतोय, फिफ्थ व्हील म्हणत्यात त्याला. वजन शेपटावर न्हाई, मागच्या चाकांच्या बरोबर डोक्यावर घ्यायचं."

त्याच्याकडं दोन हुक व्हते. एक जागच्या जागी पक्का, दुसरा रुळावर मागं सरकणारा आन् त्याच्यापरीस जड. मालकांनी पक्क्याला हात लावला. "हा हलका हाय. गाडीला तेवढंच कमी."

"जयसिंगदादा, हौदा आखूड हाय तुमचा," भिवाजीनं हातानं दाखवलं. "वळणावर गाडी तिरकी झाली की घराचा कोपरा केबिनची काच फोडून आत यील. सरकत्यानं वळताना घर मागं राहतंय."

"सरकताच घ्या," मी म्हणलं. "त्या काचंच्या पुढं मी बसल्याली असणार हाय."

मग हौद्याचा मागचा फळका काढला, चॅसीला बोल्ट मारले, मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला. घराच्या ब्रेकची वायर पुढं आणून स्टेरिंगजवळ एक छोटा दांडा दिला. तो दाबला की नुसत्या घराची चाकं धरायची. आरटीओच्या कागदांचं ताईनं बघितलं. शेवटी मानेची पिन हुकात बसली, खटकन जबडा मिटला, आन् पिकअप मागनं चार बोटं खाली बसली.

मालकांचा चेहरा बघवंना. खाली वाकून पाट्याला हात लावला आन् हळूच म्हणाले, "बसली गं."

"बसणारच," भिवाजी म्हणाला. "बसली तरच ओढंल. घराच्या वजनातला चौथा-पाचवा वाटा हुकावर पायजे. म्हणून सांगतोय, पाण्याची पिंपं, गॅस, जे काय जड आसंल ते पुढच्या अंगाला ठेवा."

मालकांनी मान हलवली. ती मान मला ठावी हाय. डॉक्टर "झोप घ्या" म्हणतोय तवाबी अशीच हलती.

ट्रायलच्या दिवशी कॅब लावून आले ते तोंडावर पाणी मारून थेट पौडला निघाले. मी म्हणलं, घटकाभर पडा, ताईला सांगू उशिरा म्हणून. "तिला कशाला थांबवायचं?" झालं! मी भाकरी बांधून घेतली आन् शेजारी जाऊन बसले.

शेडमधी जाऊन घर हुकात बसवलं, आता सामान भरायचं व्हतं. भिवाजी दुसऱ्या कामाला गेल्याला. मालकांनी पाण्यानं भरल्याली दोन्ही पिंपं तिरकी करून फिरवत फिरवत घराच्या पार मागल्या भिंतीला नेली. गॅस मागं, जातं मागं, गाद्यांच्या गुंडाळ्याबी मागं. मधीच उतरून पाटे बघायचे, पुन्हा वर चढायचे. बैलगाडी भरायचे तसंच. शेवटी पिकअपचं बूड वर आलं, घर जोडायच्या आधी व्हतं तसं. मग हे हसले. लई दिवसांनी हसले बघा, म्हणून मीबी काय बोलले न्हाई. मला वाटलं, गाडीचं ह्यांना कळतंय.

डांबरी रस्त्यानं बरं चाललं. वळणं आली, हुक सरकला, काच शाबूत राहिली. मागनं ताईची कार येत व्हती. मी मनात नारळ फोडूनबी टाकला. मग धरणाकडं जाणारा कच्चा रस्ता लागला. तितं एक मुरमाचा चढ हाय, अंगावर आल्यागत उभा.

अर्ध्या चढावर गेलो आन् मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. खडी उडाली, रबराचा वास सुटला. पिकअपचं बूड हलकं झालं, कुणी शेपूट धरून वर उचलल्यागत. आन् आमी मागं जायला लागलो. मागं घर, घराच्या मागं ताईची कार.

"आई गं! अवो धरा!"

मालकांनी स्टेरिंगजवळचा दांडा दाबून धरला. घर कचकन थांबलं, जरा तिरकं झालं, पण थांबलं. मी दार उघडून उडी मारली. सापडंल तो धोंडा उचलला आन् घराच्या चाकाला उटी लावली, पळत दुसऱ्या अंगाला जाऊन तितंबी लावली. ताईनं कार मागं घेतली व्हती. ती उतरली तवा तिचं तोंड पांढरं पडल्यालं.

मी पिकअपकडं बघितलं आन् डोक्यात उजेड पडला. मागची चाकं जमिनीला जेमतेम टेकल्याली. अगं बाई, ही तर उलाळ झाली! बैलगाडीत मागं वजन जास्ती झालं की जू वर उचलतंय, बैलाचा गळा आवळतोय, तीच गत. बैलाच्या मानेवर ओझं नको म्हणून जल्मभर गाडी भरली, तशीच ह्या माणसानं पिकअप भरली व्हती.

हेबी उतरून तेच बघत व्हते.

"ताई, चूक माझी हाय," म्हणाले. "भिवाजीनं सांगितलं व्हतं. मीच सामान मागं नेलं."

ताईनं त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. "काका, तुम्ही रात्री झोपला होतात का?"

"व्हय, थोडा."

"कुटं झोपलाय ओ!" मी फाटकन बोलले. "रातभर कॅब चालवून आलाय हा माणूस. रोज असाच येतोय."

ताई कारच्या दाराला टेकून उभी राहिली. मी समजले, गेलं काम. ज्या रात्रीसाठी एवढं केलं, ती रात गेली. रडूबी यीना, इतका कटाळा आला मला.

पण घर चढावर टांगल्यालं व्हतं, ते तर सोडवायचं. आमी दोघं आत शिरलो. पिंपातलं पाणी आधी निम्मं सोडलं आन् मग पिंपं पुढं आणली. गॅस पुढं, जातं पुढं. एकेका वस्तूसरशी पिकअप खाली बसत गेली. दर बारीला मालक खिडकीतनं बघायचे आन् तोंड फिरवायचे. शेवटची गादी त्यांनी हातातच धरून ठेवली. मग माझं डोकं फिरलं.

"ठेवा की ती पुढं! बसू द्या तिला खाली! वजन पडल्याबिगर तिची चाकं जमीन धरायची न्हाईत, अजून कळलं न्हाई व्हय? सगळ्यांच्या मानेवरचं काढून काढून स्वतःच्या मानेवर घेताय, आन् मी? मी काय अंगणात उभी करून ठेवायला आणल्याली हाय? एक दिवस तरी म्हणा, सगुणे, हे जरा धर!"

एवढं बोलले आन् मलाच हुंदका आला. मालक गादी धरून उभेच. मग ती पुढं नेऊन ठेवली, सावकाश, आन् खाली उतरून ताईपाशी गेले. मला वाटलं, माफी मागत्यात.

"ताई," ते म्हणाले, "घर पाण्याजवळ नेऊन लावतो. पुढचं काम द्यायचं का न्हाई ते तुमी बघा. पण स्वयंपाकाचं हिला द्या. मी त्या दिवशी न्हाई म्हणलो, ते चुकलं. ही करंल." जरा थांबले, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मला एकट्याला आता ओढंना."

सव्वीस वर्षांच्या संसारात हे मी पयल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या बारीला पिकअप चढावर मुंगीगत चालली, पण चाक एकदाबी फिरलं न्हाई. बूड खाली बसल्यालं, मुरूम धरून धरून वर गेली. पल्याड उतरून पाण्याजवळ सपाट जागा बघून घर लावलं, टेकू दिले, पिन सोडवली. ताईनं चारी बाजूंनी फिरून बघितलं.

"काका, काम तुमचंच," ती म्हणाली. "पण कॅब बंद. झोप न घेता माझं घर ओढायचं नाही. आणि मावशी, शनिवारी वीस माणसं येतायत. पिठलं-भाकरी जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" म्हणलं. वीस माणसांच्या भाकरी मी कधी थापल्या न्हवत्या, पण सांगते कशाला!

ताई फोनवर बोलत पाण्याकडं गेली. आमी घराच्या पायरीवर बसलो. मी भाकरी सोडली, एक तुकडा त्यांच्या हातात दिला. दोन घास झाले आसतील, त्यांची मान कलली ती माझ्या खांद्यावरच आली. घास हातातच. मी तो काढून फडक्यात ठेवला.

लई जड माणूस. खांदा अवघडला, कमरंतबी कळ आली. पण मी हलले न्हाई.