ग्वाल्हेरच्या कोठीतली टेनिसची शिकवणी

पुण्याहून निघालो तेव्हा गुडघ्याला पट्टी होती आणि सामानात रॅकेटी. मुंबई, कलकत्ता, लाहोर इथली मैदानं मी गाजवली होती. गुडघ्याने दगा दिला आणि स्पर्धा सुटल्या, पण हात शाबूत होता, तोंड तर त्याहून शाबूत. ग्वाल्हेरच्या एका मराठा सरदारांनी मुलीला शिकवायला बोलावलं, तसा मी ताबडतोब हो म्हणालो.

झाशी मागे पडली आणि काही वेळाने उजाड माळावर ग्वाल्हेरचा किल्ला दिसू लागला. गाडी पुढे जात होती तरी तो काही संपेना. माझी उतरायची सोय माधवगंजात, एका मराठी भिक्षुकांच्या घरी होती. सकाळी घरच्या काकूंनी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी वाढली. मी आडवा हात मारला आणि पहिल्याच दिवशी मैदानावर सुस्तावून पोहोचलो.

सरदारांची कोठी कंपू नावाच्या भागात होती. मुलगी ताराबाई, विशीतली. फटका असा की मी सुस्ती विसरलो. समोर कोठीचे कारकून गोविंदराव अदबीने खेळत होते आणि तितक्याच अदबीने हरत होते. तिचा एक चेंडू रेषेबाहेर चांगला हातभर पडला, तरी पंच झालेल्या म्हाताऱ्या जमादारांनी गुण तिलाच दिला. मी कारण विचारलं.

"बाईसाहेबांची बॉल बाहेर जात नसते, मास्तरसाहेब. इथला कायदा आहे."

थोड्याच दिवसांत ही मुलगी अलाहाबादच्या स्पर्धेला जाणार होती. तिथे तिचं हसं झालं असतं. पुढचा चेंडू बाहेर पडताच मी मोठ्याने "आऊट" म्हणालो. गोविंदराव पांढरेफटक पडले. ताराबाई रॅकेट टाकून आत निघून गेली आणि मी मनात सामान बांधायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. तिचे डोळे सुजलेले होते. आजवरचं आपलं जिंकणं किती खरं, असं तिने विचारलं. मला ठाऊक नाही, पण आजपासून कळेल, असं मी सांगितलं. तिने गोविंदरावांना खरं खेळायचा हुकूम सोडला. ते बिचारे घाबरत घाबरत जिंकू लागले. ती रोज हरायची, चिडायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी चांगली खेळायची. शिकवण्यात एवढी मजा असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग ती रोज हरते हे कानावर जाऊन तिचे वडील, आबासाहेब, सामना बघायला आले. त्यांची अट साफ होती: गोविंदरावांना हरवलं तरच अलाहाबाद. सामना अटीतटीचा झाला. ती जिंकायला एकच गुण उरला असताना तिचा चेंडू रेषेला चाटून गेल्यासारखा वाटला. जमादारांनी तो आत धरला आणि गोविंदराव हार मानून हात जोडायला पुढे आले.

"नाही जमादार," ती म्हणाली, "बाहेर होती."

खेळ पुढे चालला आणि ती हरली. आबासाहेब उठून माझ्याकडे आले.

"माझ्यासमोर, हरायची पाळी आली तरी खरं बोलली," ते म्हणाले. "मास्तर, हिला पाठवून द्या."

झाशीपर्यंत आमची गाडी एकच होती. तिथून ती आत्याबाईंबरोबर अलाहाबादला जाणार होती, मी पुण्याला. फलाटावर तिने हळूच विचारलं, "मास्तर, तिथं जिंकले, तर खरीच जिंकलेली असेन ना?"

"हो, बाईसाहेब. तिथं तुमच्या वडिलांना कोणी ओळखत नाही."

ती हसली आणि डब्यात चढली. स्वतःच्या एकाही सामन्याआधी माझी छाती अशी धडधडली नव्हती. पुण्यात उतरल्यावर एका ओळखीच्याने विचारलं, हल्ली कुठे खेळता? म्हटलं, खेळत नाही, शिकवतो. आणि हे सांगताना मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.