आधी लेबल फाडायचं

मी चोंबडी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्ही मला नावं ठेवायला नकोत. चौतीस वर्षं शाळेत पोरांची दप्तरं तपासली; आता निवृत्तीनंतर शेजाऱ्यांची तपासते. सिडकोतली आमची सोसायटी चार मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि माझं घर तळमजल्यावर, जिन्याला लागून. येणारा-जाणारा माझ्या खिडकीसमोरून गेल्याशिवाय वर जाऊच शकत नाही. आता घरच असं मिळालं, त्याला मी काय करू?

तरीसुद्धा या इमारतीची माझ्याहून जास्त माहिती एका बाईकडे होती, आणि ती बाई तोंडातून अवाक्षर काढायची नाही. मला त्याचा किती त्रास व्हायचा म्हणून सांगू!

त्या नवसाबाई. दुसऱ्या मजल्यावरच्या सनीच्या आई, मूळच्या देवळ्याच्या. अंबडच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं पिना मारल्या. द्राक्षांची खोकी, औषधांची खोकी, पंख्यांची खोकी. पुठ्ठ्यावर टिचकी मारली की तीन पदरी आहे की पाच पदरी ते सांगतात. मी एकदा त्यांचे डोळे पदराने बांधून परीक्षा घेतली. सातपैकी सात! मी शाळेत कोणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, पण इथे इलाजच नव्हता.

नोकरी सुटल्यावर त्या लेकाकडे आल्या. नवरा आधीच गेलेला. सून संजना स्वभावाने चांगली आहे, पण स्वयंपाकघर तिचं, टीव्ही नातवाचा आणि बाल्कनी वॉशिंग मशीनची. नवसाबाई महिनाभर सोफ्याच्या कडेला बसून राहिल्या. मग एक दिवस खाली उतरल्या आणि जिन्याखालची बसकी खोली झाडायला लागल्या. तिथे तुटक्या खुर्च्या, रंगाचे वाळलेले डबे आणि एक मांजर राहत होतं. मांजर ठेवलं, बाकी काढलं. कुलूप आणलं, स्टूल टाकलं, आणि घरोघरी सांगत सुटल्या, "रिकामी खोकी टाकू नका वो, मला द्या."

मी अर्थातच कटकट केली. झुरळं होतील म्हटलं. झुरळ काही आलं नाही, माणसं मात्र यायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या हर्षालीला शेवया-पापड गिऱ्हाइकांना पाठवायला खोकी लागायची. सृष्टीच्या आईला लेकीसाठी पुण्याच्या होस्टेलवर लाडू धाडायचे असायचे; नवसाबाई डब्याभोवती पुठ्ठ्याच्या पट्ट्या अशा गच्च बसवायच्या की एक लाडू फुटायचा नाही. थर्माकोलच्या पेट्यांत माती भरून कोणी गच्चीवर कोथिंबीर लावली. टचाटच फुटणाऱ्या फुग्यांचं ते प्लास्टिक असतं ना, ते मी एकदा बसल्या बसल्या फोडत होते, तर हातावर चापट बसली. "बाई, कोणाच्या लोणच्याच्या बरणीला लागंल ते!" या वयात हातावर चापट! उरलंसुरलं त्या वेगवेगळं बांधून भंगारवाल्याला द्यायच्या. घंटागाडीत त्यांच्या हातून फक्त ओला कचरा जायचा.

आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा! तो कापताना पुरता तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, अशी साऱ्या सोसायटीला ताकीद. "सुटा तुकडा कोण वेचतंय? तो नाल्यात जातो, नाल्यातून नदीत." मी हसले तेव्हा त्यांनी देवळ्याच्या तांबू गायीचं सांगितलं. पोट फुगून गेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तर घमेलंभर कॅरीबॅगा. "त्यातली एक माझ्याच घरची व्हती बाई. शिळ्या भाकरी गाठ मारून मीच उकिरड्यावर टाकल्या व्हत्या." हे सांगताना त्या रडल्या, आणि मलाही रडू आलं. तेव्हापासून माझ्या दुधाच्या पिशवीचा कोपरा लटकता असतो.

पण खरी गंमत त्यांच्या नियमाची. खोकं आलं की पहिलं काम एकच, त्यावरचं नावाचं लेबल फाडायचं. नाव, घर नंबर, फोन, आत काय मागवलं त्याची चिठ्ठी, सगळं. ती लेबलं एका डब्यात ठेवायची आणि महिनाअखेरीला ज्याची त्याच्या हातात परत द्यायची. मी एकदा मान वाकडी करून वाचायला गेले, तर खोकं पाठीमागे.

"अहो, बघू तरी द्या!"

"नाय. माणूस खोकं टाकतो, नाव नाय टाकत."

आता आमचे चेअरमन. दीपक खैरनार, घर नंबर ३०२. मीटिंगमध्ये उभे राहिले की बसत नाहीत. यंदा आमच्या भागात स्वच्छ सोसायटीची स्पर्धा जाहीर झाली आणि साहेबांच्या अंगात आलं. "ऑनलाइन मागवणं म्हणजे निसर्गाचा खून!" असं ते टेबलावर हात आपटून म्हणाले. हर्षालीला सगळ्यांदेखत विचारलं की, तुमच्याकडे महिन्याला किती पार्सलं येतात? बिचारी रडवेली झाली. आणि 'प्लास्टिकमुक्त सोसायटी' असा भलामोठा फ्लेक्स त्यांनी करून आणला, त्यावर स्वतःचा हात जोडलेला फोटो. फ्लेक्स कशाचा असतो हे मी विचारणार होते, पण चहा आला.

आणि हेच खैरनार साहेब! दुपारी दोन वाजता, सगळी सोसायटी जेवून आडवी झाली की, बनियनवर, चवड्यांवर चालत जिना उतरायचे. काखेत रिकामं खोकं. ते नवसाबाईंच्या दाराशी लेबल भिंतीकडे करून ठेवायचे आणि पळायचे. मी पडद्याआडून किती वेळा पाहिलंय. एकदा खोकं हातातून सटकलं आणि माझ्या खिडकीखालीच पडलं. त्यावर पोटाच्या पट्ट्याचं चित्र होतं. पंधरा दिवसांत सपाट पोट. मी दोन दिवस हसत होते.

नवसाबाई महिनाअखेरीला त्यांची लेबलं घेऊन गेल्या, तर साहेब म्हणाले, "माझी नाहीत. आम्ही काही मागवत नाही." नाव त्यांचं, नंबर त्यांचा, आणि माझी नाहीत! म्हणून ती साठत गेली.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी नोटीस लागली. जिन्याखालची खोली रिकामी करावी. तिथे कुंड्या ठेवून सेल्फी पॉइंट करण्यात येईल. रविवारी परीक्षकांसमोर नवसाबाईंनी किल्ली सोसायटीला सुपूर्द करावी, त्यांचा शाल देऊन सत्कार होईल.

"हाई काय शे?" नवसाबाईंच्या तोंडून एकदम गावाकडची बोली निघाली. त्यांचा चष्मा वर राहिला होता, मी वाचून दाखवलं. त्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ पुठ्ठ्याची कड बोटाने चाचपत राहिल्या.

"वर मी पाहुणी हाय, बाई," त्या म्हणाल्या. "खाली माझं घर व्हतं."

"म्हणजे आता?"

"देवळ्याला जाते भावाकडं. तिथंबी पाहुणीच. पण तिथं निदान गाय हाय बोलायला."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमच्याकडे त्याची लेबलं आहेत! सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. माइक माझ्या हातात असणार. एकेक वाचून दाखवते त्या ढोंग्याला! पोटाच्या पट्ट्यापासून सुरुवात करते."

"नाय."

"अहो पण—"

"नाय म्हनले ना!" इतक्या जोरात त्या माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "किल्ली अशी उघडी काय द्यायची? सव्वीस वर्षं खोकी केली. खोक्यात घालून देते." आणि मला बाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं. आतून पुठ्ठ्याचा आवाज येत राहिला, आणि मला काही दिसत नव्हतं. मी काय सोसलं ते माझं मला ठाऊक.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. परीक्षक म्हणून दोन बायका आल्या. प्लास्टिकमुक्त सोसायटीने त्यांना प्लास्टिकात गुंडाळलेले गुच्छ दिले. साहेबांचं भाषण झालं, शर्ट इन केलेला, पोट बरंच आत. मग मी नवसाबाईंचं नाव पुकारलं. त्या आणि सनी, दोघं मिळून टीव्हीएवढं एक खोकं उचलून घेऊन आले, सुतळीने छान बांधलेलं.

"किल्लीला एवढं खोकं?" साहेब हसले. फोन वर झाले, फोटो निघायला लागले. त्यांनी सुतळी सोडली. आत दुसरं खोकं.

लोक हसले. साहेबही हसले. दुसरं उघडलं, आत तिसरं. पोरं ओरडायला लागली, "तीन!" तिसऱ्याला साहेबांनी खोकं जरा फिरवून पाहिलं. लेबलाच्या जागी फाडलेल्या पुठ्ठ्याचा पांढरा चट्टा होता. त्यांचं हसू तिथेच आकसलं. पहिल्या दोन खोक्यांकडे मान वळवून पाहिलं, तर तिथेही तसेच चट्टे.

चौथं खोकं निघालं आणि मला ठसका लागला. नवसाबाईंनी ते उलटं करून परत जोडलं होतं, चित्र आत, कोरी बाजू बाहेर; फटीतून सपाट पोट मला तेवढं दिसलं. साऱ्या सोसायटीला ते साधं खोकं. पण आपलं खोकं माणसाला ओळखू येतं. साहेबांचा हात आपोआप पोटावर गेला.

"साहेब, थांबू नका, अजून आहे!" मी माइकवरून म्हटलं. देव मला क्षमा करो, मला फार मजा येत होती.

"पाच! सहा! सात!" पोरं नाचत होती. साहेबांच्या कानामागून घाम निघाला. आत शेवटी काय असणार याचा त्यांनी अंदाज केला होता, आणि ते उघडायचं होतं दोन परीक्षक आणि चाळीस फोनांसमोर. सातव्यानंतर त्यांनी नवसाबाईंकडे असं पाहिलं की मलासुद्धा वाईट वाटलं. अगदी दोन सेकंद.

नववं खोकं औषधाच्या बाटलीचं, तळहातावर मावणारं. त्यांनी झाकण उचललं. मी सगळ्यात जवळ होते, मान घातलीच. आत किल्ली, आणि रबर लावलेलं लेबलांचं पुडकं. सगळ्यात वरच्या लेबलावर स्पष्ट, दीपक खैरनार, ३०२.

नवसाबाई एक पाऊल पुढे आल्या आणि फक्त त्यांना, आणि मान घातलेल्या मला, ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "तुमचं तुमच्यापाशी, चेरमनसाहेब. आता मी मोकळी." आणि हात जोडले.

"काय निघालं हो?" परीक्षक बाईंनी विचारलं.

साहेबांनी पुडकं मुठीत घेतलं, मूठ खिशात घातली.  मग घसा खाकरला. "किल्ली," ते म्हणाले. "पण ही घ्यायची नाही. ही त्यांचीच आहे." आवाज फाटला होता. एवढं बोलून थांबले असते तर चेअरमन कसले! पुढच्या क्षणी माइक माझ्या हातातून गेला. "नऊ खोकी, एकही कचऱ्यात नाही! हाच तो आमचा उपक्रम, ताई! सोसायटीने पहिल्यापासून..." पाच मिनिटं. पण किल्ली त्यांनी नवसाबाईंच्या हातावर ठेवली आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडले. भाषणात ते नव्हतं.

सोसायटीला दुसरा नंबर मिळाला. ट्रॉफी थर्माकोलमध्ये आणि वर फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळून आली. दोन्ही नवसाबाईंनी ठेवून घेतलं. फ्लेक्सही त्यांनीच मागून नेला. आता तो जिन्याखालच्या खोलीचा पडदा आहे. खोली बसकी, त्यामुळे फ्लेक्स खालून दुमडला आहे आणि साहेब हात जोडून गुडघाभर उंचीवर उभे आहेत.

मी सोडणार थोडीच? दुसऱ्याच दिवशी स्टुलासमोर जाऊन बसले. "खरं सांगा. धमकी होती ना ती?"

"धमकी कसली? गावाला जायचं व्हतं. दुसऱ्याची वस्तू घेऊन कसं जायचं?"

"आणि त्याने किल्ली ठेवून घेतली असती तर?"

"तर गेले असते."

"कोणाला काही न सांगता?"

"सांगायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या, आणि मला कळलं की खरंच गेल्या असत्या. माझ्या हातात माइक होता आणि त्यांच्या हातात लेबलं, आणि त्या मुकाट्याने देवळ्याच्या बसमध्ये बसल्या असत्या.  मग मला एक सुचलं.

"पण मग नऊ खोकी कशाला? साध्या पिशवीत घालून दिली असती!"

त्यांनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला आणि पुठ्ठ्यावर टिचकी मारली. "पाच पदरी हाय हे," म्हणाल्या. एवढंच.

काल दुपारी दोनला जिन्यावर पावलं वाजली. चवड्यांवर नाही, चांगली चपला वाजवत. खैरनार साहेब, अंगात शर्ट, हातात खोकं, लेबल सगळ्यांना दिसेल असं समोर. पडद्यापाशी थांबून खणखणीत आवाजात म्हणाले, "नवसाबाई, हे माझं आहे."

नवसाबाई बाहेर आल्या. टर्रकन लेबल फाडलं, घडी करून त्यांच्या हातात ठेवलं आणि खोकं आत नेलं.

आत काय आलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.