शिगवणभाऊंची पक्की शिवण

वर्तकनगरच्या नवचैतन्य वाचनालयाचे ग्रंथपाल सहदेव शिगवण, म्हणजे सगळ्यांचे शिगवणभाऊ, यांचा जगात कोणावर विश्वास असेल तर तो फक्त स्वतःच्या अंगठ्यावर. पुस्तक परत आलं की अंगठ्याला थुंकी लावून ते एकेक पान मोजत. मोजताना समोरच्याच्या तोंडाकडे असे टक लावून बघत, की काहीच न केलेल्या माणसालाही घाम फुटावा. वीस वर्षं त्यांनी गिरणीच्या गेटवर कामगारांच्या झडत्या घेतल्या होत्या. संपात गिरणी गेली, झडतीची खोड तेवढी राहिली.

एकोणनव्वद साली वाचनालयात कोबोलचं पुस्तक आलं. कोबोल ही कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा, एवढंच भाऊंना कळलं होतं. ठाण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासेसचं पेव फुटलं होतं. क्लासमध्ये मशीन एक आणि शिकणारे चाळीस, त्यामुळे प्रोग्राम वहीतच लिहायचे आणि वहीतच तपासायचे. साहजिकच पुस्तकावर उड्या पडणार. ज्यावर उड्या पडतात ते चोरीला जातंच, हे भाऊंचं पक्कं मत.

नवं पुस्तक आलं की शिक्का मारून आधी बाइंडिंगला धाडायचं, ही वाचनालयाची रीत. या खेपेला भाऊ स्वतः दगडू बाइंडरच्या पुढ्यात जाऊन बसले.

"कडेपासून चांगली आत घे शिवण. आणि नेहमीसारखे तीन टोचे नकोत, नऊ घाल. एक पान उपसून निघता कामा नये."

"अहो भाऊ, मग पुस्तक उघडायचं कसं?" दगडू म्हणाला.

"ज्याला शिकायचंय तो उघडेल. तू शिव."

दगडूने शिवलं. पुस्तक असं घट्ट झालं, की हात काढला रे काढला की आपोआप मिटायचं.

ते सगळ्यात जास्त वेळा नेलं सुमेधा नाखवाने. चेंदणी कोळीवाड्यातली ही मुलगी दिवसा एका ऑफिसात टाइपिंग करायची आणि संध्याकाळी क्लासला जायची. एका सरकारी कंपनीत प्रोग्रामरच्या जागा निघाल्या होत्या. लेखी परीक्षा होती, आणि मार्चमध्ये तिचं वय उलटत होतं, म्हणजे ही संधी पहिली आणि शेवटची. हे तिने भाऊंना दोनदा सांगितलं होतं. गरजू माणूसच हात मारतो, एवढाच अर्थ भाऊंनी त्यातून काढला.

आणि पानं खरंच निघू लागली. आधी एक, मग दोन, मुळापासून उसवलेली, कडेला फाटलेली. पानं आत ठेवलेली असायची, पण भाऊ म्हणाले, ही रंगीत तालीम आहे. आज सुटं करायचं, उद्या पळवायचं. ते नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आले. "कोळीवाड्यातली एक मुलगी जाड इंग्रजी पुस्तक घेऊन येते का हो?" तो नाही म्हणाला. भाऊंना आता झेरॉक्सवाल्याचाही संशय येऊ लागला.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना सुमेधा पुस्तकाची मुदत वाढवायला आली. भाऊंनी पानं मोजली. आणखी एक पान सुटं निघालं, आतापर्यंतचं चौथं.

"हे काय?"

"भाऊ, मी नाही फाडलं. डाव्या पानावरच्या ओळींची टोकं शिवणीत जातात, दिसतच नाहीत. जरा दाबून उघडलेलं, तर..."

"फाडणारे सगळे असंच काहीतरी सांगतात."

"अहो, आठ दिवसांवर परीक्षा आलीये माझी! नंतर हवी ती शिक्षा करा. हवं तर इथे तुमच्यासमोर बसून वाचते."

भाऊंनी तिच्या कार्डावर लाल रेघ ओढली आणि पुस्तक कपाटात घालून कुलूप लावलं. ती रिकाम्या हाताने गेली. त्या दिवशी भाऊ घरी गेले ते गेटवर एखादा चोर धरल्याच्या थाटात.

पुढे वाचनालयाच्या कमिटीला दाखवायला म्हणून ते फाटक्या पानांची यादी करायला बसले, तेव्हा परीक्षा होऊन तीन दिवस झाले होते. एका डाव्या पानावर ओळी अर्ध्यातच संपल्यासारख्या दिसल्या. हिने कापल्या की काय, म्हणून भाऊंनी पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडलं. कर्रकन आवाज झाला आणि पान त्यांच्या हातात आलं.

सवयीने त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. वाचनालयात दुसरं कोणीच नव्हतं. ओळी पुऱ्या होत्या, त्यांची टोकं शिवणीत दडली होती, आणि पान आधीच्या चार पानांसारखंच टोच्यांवर फाटलं होतं. कपाटातली सुरी काढून त्यांनी नऊच्या नऊ टोचे कापले, सुटी पानं फडक्यात बांधली आणि चेंदणी गाठली.

दारात सुमेधाची आई आवडाबाई सुकट निवडत होती. भाऊंनी नाव सांगताच तिने सूप बाजूला सारलं. "माजी पोर चोर नाय. तुमी जा आपले."

आवाज ऐकून सुमेधा बाहेर आली. भाऊंनी फडकं पुढे केलं.

"पेपर कसा गेला?"

"अर्धा सोडला. जी टोकं दिसत नव्हती ती मी अंदाजाने धरलेली. शेवटच्या आठ दिवसांत नीट बघून घेणार होते."

"पुढच्या खेपेला..."

"वय उलटतंय, भाऊ. सांगितलेलं ना तुम्हाला."

भाऊंना पायरीवरून उतरवेना आणि वरही चढवेना. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. कसेबसे म्हणाले, "पोरी, तू पान फाडलं नव्हतंस."

"ते मला माहीत होतं," सुमेधा म्हणाली. मग ती पायरीवर बसली आणि पानं मांडीवर घेऊन त्या ओळी शेवटपर्यंत वाचू लागली.