पूर्वाभिमुख मशीन

घागसाहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, व्हर्निअर असायचा. व्हर्निअर म्हणजे वस्तूची जाडी मोजायचं स्टीलचं अवजार. त्याला दोन जबडे असतात आणि पट्टीवर बारीक रेघा. लग्नाला, पूजेला, सोसायटीच्या मीटिंगला, सगळीकडे तो त्यांच्या खिशातून डोकावत असे. बोलताना ते तो बाहेर काढत, जबडे उघडत, मिटत आणि पुन्हा खिशात ठेवत. चहाबरोबरच्या खारीची जाडी त्यांनी त्याने मोजलेली मी पाहिली आहे. त्याने कान खाजवलेलाही पाहिला आहे. कामासाठी त्यांनी तो माझ्यासमोर एकदाच वापरला, ते पुढे सांगेन.

मुलांनो, गेल्या पावसाळ्यात ते वारले आणि केबिन रोडवर त्यांचा हार घातलेला फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'अचूकतेचे महामेरू दिगंबर घाग यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. तो फोटो मी तुम्हाला पाठवला तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, हे खूप हुशार होते का?" तुमच्या आईचं म्हणणं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. मी आयुष्यभर दात तपासले. किडलेल्याला किडलेला म्हणायची मला सवय आहे.

माझा दवाखाना नवघरला पहिल्या मजल्यावर आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर घागसाहेबांची लॅब. दाताची कॅप आम्ही डॉक्टर बनवत नाही, ती लॅबमध्ये बनते. पूर्वी हाताने बनायची, आता कॉम्प्युटरवर. मी रुग्णाच्या दाताचं स्कॅन खाली पाठवते, तिथे कॉम्प्युटरवर कॅपचं चित्र तयार होतं आणि मिलिंग मशीन झिर्कोनियाच्या पांढऱ्या चकतीतून ती कॅप कोरून काढतं. मग ती भट्टीत भाजतात. ही भट्टी इतकी तापते की चिताही तिच्यापुढे कोमट म्हणावी. भाजलेली कॅप दातावर अशी बसली पाहिजे की कडेला सुईचं टोकसुद्धा शिरू नये. शिरलं, तर तिथून लाळ शिरते, अन्न शिरतं आणि आतला चांगला दात न दुखता कुजत जातो.

मशीन आणल्यापासून घागसाहेब आमच्याशी माणसांच्या भाषेत बोलेनासे झाले. "मॅडम, मिलिमीटर विसरा आता. मायक्रॉनची गोष्ट करा, मायक्रॉनची!" रत्नागिरीहून आलेल्या पाहुण्याला आधी मशीन दाखवायचं आणि मग पाणी द्यायचं, अशी त्यांची रीत होती. कॅप नीट बसली नाही असं कोणी म्हटलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर असे, "मशीन चुकत नाही. चूक तोंडात आहे." रुग्णाच्या तोंडात, डॉक्टरच्या हातात, स्कॅनरच्या काचेत, कुठेही चूक सापडे. घाग डेंटल लॅबच्या उंबऱ्याच्या आत ती कधी पाऊल टाकत नसे.

तरी सुरुवातीचं काम ठीक होतं. कारण कंपनीच्या इंजिनिअरने मशीन जागेवर बसवून, पाणसळ लावून, नीट जुळवून दिलं होतं. बिघडलं ते दसऱ्याला. धंदा मंद आहे म्हणून घागसाहेबांनी एक वास्तुतज्ज्ञ आणला. त्याने लॅबमध्ये फेरी मारली आणि सांगितलं, "मशीनचं तोंड पश्चिमेला आहे. लक्ष्मी दारातून आत येते आणि मशीनची पाठ बघून परत जाते." झालं. खंडेनवमीला टेम्पोवाल्याच्या माणसांनी ते मशीन उचललं, फिरवलं आणि पूर्वेकडे तोंड करून ठेवलं. एक पाय अधांतरी राहिला, त्याखाली खारीच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून सरकवला. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी आपट्याची पानं घेऊन खाली गेले तेव्हा आरती संपत होती.

"घागसाहेब, मशीन हलवलंत. आता इंजिनिअरला बोलवून पुन्हा जुळवून घ्या," मी म्हटलं.

"इंजिनिअर कशाला? मुहूर्त बघून हलवलंय."

"मग निदान तुम्ही तरी एक चाचणीचा ठोकळा कापा. तो मोजा आणि जे माप येईल ते मशीनला द्या. व्हर्निअर आहेच खिशात."

ते हसले. प्रसादाची वाटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मॅडम, मशीन आता योग्य दिशेला आहे. अजून काय अचूक करायचं?"

आठवडाभरात कॅपा दातावर चढेनाशा झाल्या. सगळ्या डॉक्टरांचे फोन गेले. आता कोणीही शहाणा माणूस पुठ्ठा काढेल, मशीन समतल करेल, झिजलेलं कापायचं टोक बदलेल, ठोकळा मोजेल. घागसाहेबांनी काय केलं? कॅप आणि दात यांच्यामध्ये सिमेंटसाठी कॉम्प्युटरमध्ये जी जागा सोडतात, ती वाढवली. चप्पल लागते म्हणून दोन नंबर मोठी घेण्यातला प्रकार. कॅपा सरसर बसू लागल्या. बरेच डॉक्टर खूश झाले. "बघा, पूर्वेचा गुण!" घागसाहेब जिन्यात भेटेल त्याला सांगत.

याच काळात उत्तनची सबीना माझ्याकडे आली. ती मासे विकते. तिचा पुढचा वरचा एक दात पडला होता आणि तिला ब्रिज हवा होता, म्हणजे शेजारच्या दोन चांगल्या दातांवर आधार घेऊन मधला खोटा दात. त्यासाठी ते दोन दात घासून बारीक करावे लागतात. "डॉक्टरीणबाय, माझं दोन चांगलं दात तुमच्या हवाली करतंय. त्यांना काय व्हायला नको हाय," ती म्हणाली. मी हो म्हटलं. अशा वेळी हो म्हणणं म्हणजे काय, हे मला कळतं.

खालून आलेला ब्रिज हलत होता. मी त्याच्या आत मऊ रबराची पेस्ट घालून तो दातांवर दाबून पाहिला. पेस्टचा थर एका बाजूला सायीसारखा जाड आला आणि दुसऱ्या बाजूला भोकच पडलं. म्हणजे मशीन तिरकं कापत होतं. मी ब्रिज परत पाठवला. दुसरा आला, तोही तसाच. तोही मी परत पाठवला आणि सबीनाला तात्पुरते दात लावून थांबायला सांगितलं.

तिसरा ब्रिज माझ्याकडे आलाच नाही. सबीना जिना चढत असताना घागसाहेबांनी तिला खालीच गाठलं. "बाई, तुमच्या मॅडम जुन्या वळणाच्या आहेत, उगाच घाबरतात. चला माझ्याबरोबर, आजच पक्कं करून देतो." आणि स्टेशनजवळच्या त्यांच्या एका मर्जीतल्या डॉक्टरकडे नेऊन तो ब्रिज त्यांनी पक्का चिकटवून घेतला. माझ्याकडून दोनदा परत गेलेलं काम बाहेर कोणाला कळू नये, एवढ्यासाठी. तिला बिचारीला वाटलं, मीच पाठवलंय.

पुढच्या उन्हाळ्यात ती तोंडावर पदर धरून आली. बाजारात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना ब्रिज सुटून समोरच्या खेकड्यांच्या टोपलीत पडला होता. "सगली हसली, डॉक्टरीणबाय. मी पण हसले. मंग हात लावून बघितलं, तं आतला दात पिठासारखा लागला." दोन्हीपैकी एक दात वाचवता आला. दुसरा मुळापर्यंत कुजला होता, तो मी काढला. त्याच्या पलीकडचा आणखी एक चांगला दात घासावा लागला. नवा ब्रिज मी मीरा रोडच्या एका लॅबकडून करून घेतला. त्या लॅबमध्ये काही विशेष नाही. तिथे रोज सकाळी पहिल्यांदा चाचणीचा ठोकळा कापतात आणि मोजतात, एवढंच.

काढलेला दात कागदात गुंडाळून मी खाली गेले आणि घागसाहेबांच्या टेबलावर ठेवला. "हा तुमच्या ब्रिजखाली कुजला," मी म्हटलं.

आणि तेव्हा त्यांनी व्हर्निअर काढला. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी तो दात आडवा मोजला, उभा मोजला, रेघांवर बोट फिरवलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. ते म्हणाले, "बघा मॅडम, दातच मुळात लहान होता. मी म्हटलं नव्हतं? चूक तोंडात आहे."

त्या दिवसापासून मी खाली काम पाठवलं नाही. जिन्यात भेटले तर 'नमस्कार', तोही मान न वळवता. त्यांच्यात मात्र काही फरक पडला नाही. लॅबवर 'शंभर टक्के अचूक' अशी नवी पाटी लागली आणि दर दसऱ्याला हार घातलेल्या मशीनचा फोटो मला येत राहिला.

वारण्याच्या वर्षभर आधी एका दुपारी, दवाखान्यात कोणी नाही असं बघून, घागसाहेब वर आले. सुपारी फोडताना त्यांची दाढ तुटली होती. मी उपचार केले, दाढ घासली, स्कॅन केलं. खुर्चीतून उठताना त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला.

"मॅडम, कॅप त्या उत्तनच्या बाईचं काम दुसऱ्यांदा जिथून केलंत ना, तिथूनच मागवा. आणि हे खाली कोणाला कळू नये."

तोपर्यंत मी त्यांना नुसतं मूर्ख समजत होते. मूर्खाला माफी असते. पण या माणसाला सगळं माहीत होतं. पुठ्ठ्याचा पाय, तिरकं कापणं, वाढवलेली जागा, सबीनाचा दात, सगळं. मी कॅप मीरा रोडहून मागवली, बसवली आणि सुई लावून पाहिली. कुठेही शिरली नाही. त्यांनी दात मिटून, उघडून पाहिले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात मायक्रॉन."

त्यांच्या अस्थी गोळा करताना मुलाला, निनादला, राखेत ती कॅप सापडली. जशीच्या तशी. तो वर येऊन, डोळ्यांत पाणी आणून मला दाखवत म्हणाला, "काकू, बघा ना, चितेतसुद्धा तडा नाही गेला. बाबांच्या मशीनचं काम!" बाप गेलेल्या मुलाला त्या दिवशी मी काही बोलले नाही. आता ती कॅप लॅबच्या दर्शनी काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवली आहे, फोटोखाली, व्हर्निअरशेजारी. मशीन अजून पूर्वेलाच बघतंय.

गेल्या आठवड्यात सबीना तपासणीला आली होती. जिना चढून आली तीच विचारत, "डॉक्टरीणबाय, खालच्या कपाटान देवासारखा दात कोनाचा मांडलाय?"

"तुझ्या दातांचा सख्खा भाऊ आहे तो," मी म्हटलं आणि तिला सगळं सांगितलं.

ती खुर्चीत मागे रेलून, तोंड पूर्ण उघडून, बाजारातल्या आवाजात हसत सुटली. खाली लॅबपर्यंत ऐकू गेलं असेल. मी दिवा तिच्या तोंडावर धरून बघत होते. ब्रिज जागचा हलला नाही.