जावईबापूंनी बसवलेले हेड

ट्रक माझा, इंजिन माझं आणि राग गिळायचा तोही मीच! कारण हेड बसवणारा मिस्त्री म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी त्याचा उद्धार केला असता. पण आमच्या घरी जावयाला कुणी वर तोंड करून बोलत नाही.

बैहरच्या घाटात इंजिन तापलं आणि हेडना, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणांना, तडे गेले. जावईबापूंनी बालाघाटात नुकतंच स्वतःचं गॅरेज उघडलं होतं. हे त्यांचं पहिलं मोठं काम. माझी गाडी नीट निघाली तर ट्रक-स्टँडवरच्या गाड्या त्यांच्याकडे येणार होत्या, नाहीतर ऑइल बदलण्यातच दिवस जाणार होते. गॅरेजवर अजून पत्रे चढले नव्हते, म्हणून ट्रक आमच्याच अंगणात उभा केला.

सहा सिलिंडरचं इंजिन, दोन सिलिंडरवर एक असे तीन हेड. तिन्ही नवे बसवले, सेल्फ मारला, आणि इंजिन लंगडतच सुरू झालं. मागून पांढरा धूर.

"जावईबापू, मिसिंग करून राह्यलं."

"हौ दादा, पाहतो."

तीन दिवस हे "पाहतो" ऐकून माझे कान किटले. पहिल्या दिवशी त्यांनी डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. दुसऱ्या दिवशी टॅपेट पुन्हा लावले. मग इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरचा डिझेल पाइप ढिला करून पाहिला. चार वेळा इंजिनाचा आवाज पडला, पाचव्या-सहाव्याला काही फरकच नाही. म्हणजे मागचे दोन सिलिंडर काम करत नव्हते. त्यांचे डिझेल फवारणारे नोझल बदलले, तरी तेच रडगाणं.

"हेडचे बोल्ट पाहिले का?" मी शक्य तितक्या गोडीनं विचारलं.

"म्या सोताच कसले न, दादा."

त्यांचा चेहरा उतरला. मी घरात गेलो आणि विनाकारण बायकोवर खेकसलो. ती म्हणाली, "माह्यावर काहून चिल्लाता? त्यायले बोला न." तेच तर जमत नव्हतं.

त्या संध्याकाळी स्टँडवर चहा घेताना एका ट्रकमालकानं जावईबापूंचं काम कसं आहे म्हणून विचारलं. त्यालाही आपलं इंजिन जावईबापूंकडे खोलायचं होतं. तीन दिवसांचं साचलेलं तोंडातून निघालं, "उसके बस का काम नहीं है, भैया." बोललो आणि बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौथ्या दिवशी सकाळी जावईबापूंनी मागच्या हेडला पाना लावला. बोल्ट हातानं फिरवावा इतक्या सहज फिरला. हेड उतरवला तर त्याच्याखालची गॅस्केटची पट्टी दोन सिलिंडरांच्या मधोमध जळून काळी झालेली. आता मात्र माझ्या जिभेला आवर राहिला नाही.

"हे कसं काय राह्यलं, जावईबापू?"

त्यांनी फडक्याला हात पुसले.

"दोन हेड पक्के झाले होते, दादा. बोल्ट तीन फेऱ्यांत कसा लागते; तिसऱ्याले पह्यलाच फेरा देला होता, अजून दोन बाकी. तेवढ्यात तुम्ही जेवाले उठवलं. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. जावयानं नाही कसं म्हणावं? वापस आलो तं वाटलं, झालंच हाये."

मला लख्ख आठवलं. "काम कुठे पळून जातं का?" असं म्हणत पाना मीच त्यांच्या हातातून काढून पेटीत ठेवला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी गॅस्केट आली. त्यांनी तिन्ही फेरे दिले आणि मी बाजूला तोंड मिटून उभा राहिलो. इंजिन एका सुरात चालू लागलं. मी तसाच स्टँडवर धावलो, त्या मालकाला गाठलं आणि सगळं सांगितलं. चूक माझी होती, त्यांची नाही, असं दोनदा सांगितलं.

तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "समझता हूँ भैया. जमाई है, बोलना पड़ता है."

मी आईची शपथ घेतली तरी तो हसतच राहिला. दुपारी त्याचा ट्रक जावईबापूंच्या गॅरेजवरून पुढे निघून गेला. तो इंजिन खोलायला येणार हे कानावर असल्यानं जावईबापू त्याची वाट पाहत रस्त्यावर येऊन उभे होते. तो का थांबला नाही, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.