स्टेरिंगमधली हळद

आमच्या घरी दसऱ्याला स्टेरिंगची पूजा व्हायची. बाबा सरकारी बसचे ड्रायव्हर, पण बस राहायची डेपोत. घरात तेव्हा फिरणारं चाक एकच, मी शाळेत असताना मिळालेलं, कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचं. काळं प्लॅस्टिकचं, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं. आईच्या लेखी स्टेरिंग म्हणजे गाडी, आणि गाडी म्हणजे पूजा. दरवर्षी ती ते माळ्यावरून काढायची, मधोमध ओल्या हळदीचं बोट, कुंकू, झेंडूचं फूल, आणि वरून नारळाचं पाणी. मी ओरडले की म्हणायची, "देवाचं काम हाय, गप बस."

यंदा मी ते खाली काढलं, ते बाबांसाठी.

उन्हाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं. पण डाव्या बाजूचं दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. बाबांना ते कबूल नव्हतं. पुढे कधीतरी घेतलेल्या आमच्या व्हॅनची किल्ली त्यांनी बंडीच्या खिशात घातली आणि अंगणात येरझारा सुरू केल्या. "अर्जुनीले जाऊन येतो," हे रोजचंच. मी घरूनच काम करते, पण कान सगळे दाराकडे. व्हॅनचं दार वाजलं की हातातलं टाकून पळायचं. एकदा तर इंजिन सुरू करून बसले होते. मी समोर उभी राहिले तेव्हा कुठे बंद केलं. भयंकर राग यायचा. किल्ली काढून घ्यायची हिंमत मात्र होत नव्हती.

म्हटलं, गाडीच पाहिजे ना, घ्या. जुन्या स्टेरिंगची रुंद पिन नव्या कॉम्प्युटरला लागेना. जोडायची वायर मागवली. ती येईपर्यंत मीच दारापुढे येरझारा घालत होते.

वायर आली, बाबा स्टेरिंगपुढे खुर्चीत ताठ बसले. शर्यत सुटली, बाकीच्या गाड्या भुर्रकन पुढे गेल्या, बाबा आपले पुढे स्टॉप असल्यासारखे सावकाश. चाकाच्या मधोमध तळहात दाबला. "हॉर्न काऊन नाही वाजून रायला?" मला हसू फुटलं. तेवढ्यात गाडी डाव्या कठड्याला घासली. थोडं पुढे जाऊन पुन्हा घासली. मग परत.

"स्टेरिंग डावीकडं ओढून रायलं," बाबा म्हणाले. "माहं काई चुकलं नाही."

मी हात लावून पाहिला. खरंच, चाक सरळ धरलं तरी गाडी थरथरत डावीकडे जात होती. केवढं हायसं वाटलं! पण त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवले आणि म्हणाले, "डॉक्टरले काय समजते ड्रायव्हिंगचं? उद्या अर्जुनीले जातो मी."

सकाळी उठल्याबरोबर स्टेरिंग खोललं. चाक किती फिरलं हे कॉम्प्युटरला कळवणारा एक छोटा गोल भाग आत असतो. त्याच्याभोवती इतक्या दसऱ्यांची हळद नारळाच्या पाण्यात वाळून घट्ट बसली होती. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून ती खरवडत बसले. आई दारातून बघत होती. "मी का वाईटासाठी केलं होतं?" ती म्हणाली.

जोडून आधी मी चालवून पाहिलं. गाडी सरळ गेली. मग बाबांना बोलावलं, म्हटलं, आतली हळद काढली, आता ओढणार नाही.

डावा कठडा. पुन्हा डावा कठडा. बाबांनी गाडी थांबवली आणि पडद्यासमोर बसल्याबसल्या मान पार डावीकडे वळवली. तेव्हा कुठे त्यांना तो कठडा दिसला.

मग बंडीच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हळद कायले काढली तू?" बाबा म्हणाले.