बरोबरबाई आणि दोन भूमिका साहू

बरोबरबाईंनी आयुष्यात कुणाच्या 'हो'वर विश्वास ठेवला नाही. चहावाल्याला त्यांनी 'बिनसाखरेचा ना हा?' असं कधी विचारलं नाही. 'हा कोणाचा चहा, तूच सांग,' असं विचारायच्या. तो बिचारा पावर हाउस बाजाराच्या गर्दीत दोन्ही हातांत ग्लास घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. बाईंचं म्हणणं एकच. "हो म्हणाले काय लागते गा? नंदीबैलबी मान हालवते."

बाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. इकडे हिंदी मुलखात, सेक्टर दहामधल्या आमच्या शाळेत त्या आल्या त्या आम्हाला शिकवायला. आम्ही म्हणजे दोघं: ऑफिसातला बाबू मी, आणि आया दुलारी. शाळेत मुलांना औषध द्यायचं तर आधी शिकायचं, परीक्षा द्यायची, बाईंची सही असलेलं सर्टिफिकेट घ्यायचं, असं ठरलं होतं. परीक्षेचं नाव निघताच पीटीच्या सरांची कंबर धरली, ती सर्टिफिकेट वाटून होईपर्यंत सुटली नाही.

हे सगळं घडलं चौथीतल्या भूमिका साहूमुळे. तिला फिट यायच्या आणि दुपारी बाराची गोळी चुकवून चालत नव्हतं. तिची आई रोज कॅम्प-१ वस्तीतून ऑटोनं यायची, गेटवर पोरीला गोळी द्यायची आणि परत जायची. आता त्या बाईला साड्यांच्या दुकानात काम मिळालं होतं, एक तारखेपासून. प्रिन्सिपल मॅडमनी सांगून टाकलं, "गोली देने वाला नहीं, तो बच्ची घर पर." आणि बाईंची अट अशी की सर्टिफिकेटवाली माणसं दोन हवीत. "एक आजारी पडला, नाही तं एखाद्या दिवशी त्याचा हात थरथरला, तं दुसरा पाहिजे." म्हणजे पोरीची शाळा दुलारीच्या आणि माझ्या पास होण्यावर अडकली. दुलारीची मला काळजी नव्हती.

बाईंचं शिकवणं पाच 'बरोबर'वर चालायचं. मूल बरोबर, औषध बरोबर, माप बरोबर, वेळ बरोबर, रस्ता बरोबर. बाईंचं नावही आम्ही त्यावरूनच पाडलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "रस्ता कोणता?" मी म्हटलं, "इथून सरळ गेलं की पावर हाउस." बाई शांतपणे म्हणाल्या, "गोळी ऑटोनं नाही जात गा. तोंडानं जाते. आन् कानाचं औषध कानात जाते. तुह्या कानात काय गेलं ते मले दिसूनच राहिलं."

सरावाला त्या बडीशेपेच्या रंगीत गोळ्या आणायच्या. तिसऱ्या दिवशी डबी अर्धी झाली. बाईंनी औषधाच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'औषध मुलाऐवजी बाबूने घेतले. तब्येत ठीक.' ते पान मॅडमनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं.

पहिल्या परीक्षेत त्यांनी एक मुलगी समोर उभी केली. मी ऐटीत विचारलं, "भूमिका साहू ना तू?" ती म्हणाली, "हाँ." मी गोळी पुढे केली आणि नापास झालो. ती चौथी 'ब'मधली दुसरीच भूमिका साहू होती. आमच्याकडे साहूंना तोटा नाही. दगड भिरकावला तरी साहूलाच लागेल, आणि तोही म्हणेल की हो, मीच. "नाव आपण सांगाचं नाही," बाई म्हणाल्या. "लेकराले सांगू द्याचं. पुरं नाव, बापाच्या नावासकट." पाचवी शिकलेली दुलारी त्याच दिवशी पास झाली आणि आठवडाभर माझ्याकडे बघून पदरात हसत होती.

दुसऱ्या वेळी गोळी हातात असतानाच मी वहीत 'दिली' लिहून टाकलं. बाई म्हणाल्या, "दिली का?" मी म्हटलं, "देऊन राहिलो ना, बाई."

"देऊन राहिलो म्हंजे दिली नाही. औषधात दोनच गोष्टी असते, दिली आन् नाही दिली. देऊन राहिलो, येऊन राहिलो, हे घरी बायकोले सांगत जा."

एक तारीख चार दिवसांवर आली. मी लाज सोडून त्यांच्या क्वार्टरवर गेलो. "बाई, सही करून टाका. माझ्यापायी पोरगी घरी बसेल."

"घरी बसन, पण जित्ती राहीन," त्या म्हणाल्या आणि पालक निवडत राहिल्या. मला त्यांचा राग आला. खरंच आला. म्हातारीला कागदापुढे लेकरू दिसत नाही, असं मी घरी येऊन बायकोला म्हणालो.

तिसरी परीक्षा मॅडमसमोर झाली. मी पोरीला पूर्ण नाव सांगायला लावलं. बापाचं नाव बरोबर, वर्ग बरोबर, घड्याळात बारा. डॉक्टरची चिठ्ठी वाचली, स्ट्रिप उलटून वाचली आणि थांबलो. चिठ्ठीवर दोनशे मिलिग्रॅम लिहिलं होतं, स्ट्रिपवर चारशे.

"दे ना गा," बाई म्हणाल्या. "बारा वाजून गेले. पोरगी घरी बसन तुह्यापायी."

मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. "नाही देत, बाई," मी म्हटलं.

बाईंनी पर्समधून बरोबर गोळी काढून माझ्या हातात ठेवली आणि सर्टिफिकेटवर सही केली. "एवढंच शिकवाचं होतं," म्हणाल्या. "बाकी तं दुलारीबी शिकली." एक तारखेला भूमिकाची आई दुकानात गेली आणि पोरगी शाळेत आली.

पुढे बाई नागपूरला लेकीकडे राहायला गेल्या. तिथून फोन करून त्या माझी चौकशी करायच्या नाहीत, वहीत आज काय लिहिलं एवढंच विचारायच्या.

भूमिका आता नववीत आहे. परवा बाराला ती पाण्याची बाटली घेऊन गोळीसाठी समोर उभी होती, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. रडका आवाज म्हणाला, "आई गेली. तुम्हाले कळवा म्हणत होती."

आणि माझ्या तोंडून, कसं कोण जाणे, निघून गेलं, "पूर्ण नाव सांगा."

दुसरी कुणी असती तर शिव्या घालून फोन ठेवला असता. ही बाईंची लेक. तिनं नाक ओढलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "शकुंतला. देवराव. बोरकर."

सर्टिफिकेटवर सही होती तेच. नाव बरोबर होतं.

भूमिका म्हणाली, "अंकल, मेरी गोली?" मी स्ट्रिप उचलली. ती हातात वाजत होती. मी ती खाली ठेवली आणि दुलारीला हाक मारली.

"आज तू दे," मी म्हटलं. "मी नाही देत."

तिनं पोरीला नाव विचारलं, बापाच्या नावासकट. गोळी पोटात गेल्यावर वहीत लिहिलं, 'दिली'.